उजळणी

होल्गर, पत्र पोचलं.
पाच नळ्या धडधाकट, सहावी आजारी, असं तुम्ही लिहिता.
सात अर्धाच उगवतो,
नवाच्या पोटात काळोख राहतो,
शिवाय पाच उलटा दिसतो,
म्हणून पैसे परत हवेत.

आधी पाचाचं सांगते.
तो दोनच आहे, डोक्यावर उभा केलेला.
कारखान्यात कुणीतरी एक साचा वाचवला.
आमच्याकडे तेव्हा सगळं असंच चालायचं,
माझा लग्नातला कोट मामाचा होता,
आतली बाजू बाहेर काढून शिवलेला,
आणि फोटोत कुणाला कळत नाही.

आता आजाराचं.
ह्या सहाही नळ्या चियातुराच्या खाणीतल्या, वजनकाट्यावरच्या.
मँगनीजने भरलेल्या वाघिणी काट्यावर यायच्या,
खाली क्विरिला काळी वाहायची,
आणि काचेत दिवसाची बेरीज नारिंगी उभी राहायची:
एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र.
लक्षाच्या घरात कायम शून्य.
एवढे क्विंटल आम्ही एकाही दिवशी काढले नाहीत.
पण योजनेत होते, म्हणून नळी होती,
आणि नळी होती म्हणून तिला जळणं भाग होतं.
एकवीस वर्षं एकच शून्य.
त्याच्या मागेपुढे नऊ अंक
अंधारात, एकमेकांना न शिवता, उभे.

जी तार पेटते तिची भुकटी
न पेटणाऱ्या तारांवर बसत जाते.
एवढाच रोग आहे, होल्गर. काच शाबूत आहे.

माझा नवरा ओमारी त्या काट्यावर रात्रपाळीला असायचा,
डब्यातला राजमा शून्याच्या उजेडात खायचा.
खाण बंद पडली तेव्हा सात महिन्यांच्या पगाराऐवजी
काटाच मिळाला,
रज्जुमार्गाच्या पाळण्यातून तीन खेपांत घरी आणला.
ट्रान्सफॉर्मर बादरीच्या खुराड्यात पिल्लांना ऊब देतो,
पेटीचा पत्रा झुझुनाच्या मधमाश्यांवर छप्पर झाला,
तांबं गेलं तसं गेलं.
नळ्या मी ठेवल्या.
एकेकीला तेरा पाय, तेरा ठिकाणी डाख,
आणि कारखान्यातल्या बायका डाख कंजूषपणे द्यायच्या नाहीत.
घाई केली की काचेच्या बुडाशी केसाएवढी चीर,
आतला वायू निघून गेला हेही दिसत नाही,
फक्त नळी मग पुन्हा कधी बोलत नाही.
डाख सुटताना ओमारी गच्चीत जातो.
राळेचा धूर सोसत नाही म्हणतो.
दिवसाला वीस सिगरेटी ओढतो.

इलाज आहे.
नेहमीपेक्षा थोडा जास्त प्रवाह सोडा,
आजारी अंक रात्रभर एकटाच पेटता ठेवा,
दुसऱ्या रात्री त्याच्या पुढचा.
शाळेत मठ्ठ पोराकडून उजळणी करून घेतात तसं,
न रागावता.
मी सुरू केली होती. एक स्वच्छ झाला, दोनही.
तिसऱ्या रात्री ओमारी पाणी प्यायला उठला,
टेबलापाशी थांबला, म्हणाला,
हा तीन कशाला इथे?
मी शून्य लावलं.
तो बसला थोडा वेळ.
पुढे मग करवलं नाही,
नळी तशीच कापसात गुंडाळून तुम्हाला धाडली.
ही माझी चूक, कबूल.

पण तुम्ही घड्याळच करताय ना?
मग तिला अगदी डावीकडे बसवा, तासांच्या दशकात.
तिथे शून्य, एक आणि दोन, एवढंच लागतं.
सात तिथे कुणीच मागत नाही.

पैसे परत देता येणार नाहीत, त्यांचे दात बसवले.
दहा तास रोज ती शून्य दाखवेल,
सवयीचं काम आहे.
मध्यरात्री सगळ्या नळ्या शून्यावर येतील
तेव्हा पाहा, एक शून्य बारीक दिसेल,
कडा झिजलेल्या.

काच पुसताना फडकं कोरडं घ्या,
आणि आधी वीज बंद करा. एकशे सत्तर व्होल्ट असतात.

लामारा